कासवीची नजर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आपल्याकडे एक समजूत फार जुनी आहे. कासवी आपल्या पिल्लांना दूध पाजत नाही, चारा भरवत नाही. ती नुसती त्यांच्याकडे बघते आणि त्या नजरेवर पिल्लं वाढतात. संतांच्या ओव्याअभंगांत हा दृष्टान्त पुन्हा पुन्हा येतो. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी विचारायचाच, ‘‘सर, हे खरं असतं का हो?’’ मी सांगायचो, नाही. कासवी खड्डा करते, अंडी घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिल्लू बाहेर येतं तेव्हा आई तिथे नसतेच. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर ज्यांनी सागरी कासवांची पिल्लं समुद्राकडे धावताना पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

माझं उत्तर चूक नव्हतं. पण निवृत्त झाल्यावर, 2015 च्या उन्हाळ्यात, जेमतेम दीड तोळा वजनाच्या एका पिल्लानं मला त्या जुन्या समजुतीकडे पुन्हा बघायला लावलं.

आम्ही दोघं तेव्हा मुलीकडे गेलो होतो, अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलिना राज्यात. घरामागे थोडं अंगण, त्यापलीकडे ओकची झाडी. शेजारी एक वयस्कर बाई राहायच्या. त्यांच्या परसातल्या कुंपणात कासवांची एक जोडी कितीतरी वर्षं होती. आदल्या वर्षी त्या मादीनं घातलेल्या अंड्यांतून सप्टेंबरात पिल्लं निघाली. हिवाळाभर बाईंनी ती घरात दिव्याखाली सांभाळली, आणि मे महिन्यात त्यांतली दोन माझ्या नातवाला दिली. नातू तेव्हा आठ वर्षांचा. दोन्ही पिल्लं त्याच्या तळहातावर आरामात मावत होती.

हे कासव आपल्याकडे नाही, म्हणून मराठीत त्याला रुळलेलं नावही नाही. इंग्रजीत त्याला बॉक्स टर्टल म्हणतात. आपण डबीकासव म्हणू. कारण त्याच्या पोटाकडच्या कवचाला मधोमध बिजागरी असते. संकट आलं की डोकं, पाय, शेपूट सगळं आत घेऊन हे कासव पुढचं आणि मागचं अशी दोन्ही दारं लावून घेतं. दार असं घट्ट बसतं, की चाकूचं पातंही आत जात नाही. आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर जे कासव असतं ते आवरून घेतलेल्या इंद्रियांचं प्रतीक मानतात. या प्राण्यानं ते शब्दशः करून दाखवलं आहे! पूर्व अमेरिकेच्या जंगलात जमिनीवर राहणारं, तपकिरी कवचावर पिवळ्या-नारिंगी रेघांची नक्षी असलेलं, पूर्ण वाढलं तरी सहा इंचांच्या आसपास भरणारं हे कासव. नॉर्थ कॅरोलिनानं 1979 मध्ये त्याला आपला राज्य-सरीसृप म्हणून जाहीर केलं.

आता मुख्य गोष्ट. ही बिजागरी पिल्लांमध्ये काम करत नाही. पहिली काही वर्षं पिल्लाला डबी बंदच करता येत नाही. अंड्यातून निघालं तेव्हा त्याचं वजन तोळाभरही नसतं, लांबी जेमतेम सव्वा इंच, कवच नखानं दाबलं तर दबेल असं. चावता येत नाही, पळता येत नाही, दार लावता येत नाही. मग त्याच्याकडे उरतं काय? लपणं. रानात डबीकासवाचं पिल्लू दिसणं फार दुर्मीळ. अनेक वर्षं कासवांचा अभ्यास करणाऱ्यांनाही मोठी कासवं भरपूर सापडतात, पिल्लं मात्र क्वचित. ती ओल्या पाल्याखाली, कुजक्या ओंडक्याखाली, शेवाळात दडून वाढत असतात. तेव्हा पिल्लासाठी बाहेर घर करायचं म्हणजे त्याला लपायची सोय करून द्यायची. बाकी सगळं त्यानंतर.

हे मला आज कळतं. तेव्हा आम्ही नेमकं उलटं केलं.

आधी ‘बाहेर’ कशासाठी, ते सांगतो. काचेच्या पेटीत, खिडकीशी ठेवलं तर काय बिघडलं, असं मलाही वाटलं होतं. बिघडतं ते असं : हाडं आणि कवच घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते कातडीत तयार व्हायला सूर्याचे अतिनील किरण लागतात. काचेतून उजेड येतो, ऊब येते, हे किरण मात्र अडतात. शिवाय उन्हातली काचेची पेटी म्हणजे भट्टीच. थोड्या वेळात पिल्लू दगावतं. घरात ठेवायचंच तर खास दिवा लागतो. बाहेर सूर्य फुकट आहे, ओली माती आहे आणि पाल्यात आपोआप येणारे किडे आहेत.

तर आम्ही अंगणात सहा फूट बाय तीन फुटांची फळ्यांची चौकट केली. आत छान कापलेलं गवत, मधोमध पाण्याचं भांडं, एका कोपऱ्यात दोन दगड. वरून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती पातळ तारेची षटकोनी जाळी. नातवाला कुठूनही पिल्लं दिसत होती. आम्ही सगळे खूश. शेजारच्या बाई बघायला आल्या आणि एवढंच म्हणाल्या, की घर फार सुंदर आहे, पण तुमच्यासाठी.

आठव्या दिवशी सकाळी जाळीचा एक कोपरा उचकटलेला दिसला. एक पिल्लू गेलं होतं. ओल्या मातीत पंजाचे ठसे होते, लहान मुलाच्या हातासारखे, पाच बोटांचे. रॅकून. मांजराहून थोराड, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला हा प्राणी तिथे वस्त्यांमधून रात्रभर हिंडतो. पातळ जाळी तो ओढून फाडतो, साधी कडी बोटांनी उघडतो. नातू त्या दिवशी जेवला नाही. मी शिक्षक; मला समजावून सांगायची सवय. पण त्याला काय समजावणार? चूक त्याची नव्हतीच.

मग आम्ही नव्यानं घर बांधलं, ते बाईंच्या सांगण्यावरून. जागा अशी निवडली, की सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी बाराच्या पुढे सावली येईल. पिल्लाला ऊन हवं, पण त्यातून सरकून जायला सावलीही हवी. बत्तीस-तेहतीस अंशांच्या वर उष्णता गेली की हा प्राणी हैराण होतो. जमिनीला किंचित उतार ठेवला, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. फळ्यांना रसायन लावलेलं नव्हतं. चौकटीखाली चारी बाजूंनी फूटभर खोल चर खणून त्यात जाळी गाडली. कारण उंदीर, घुशीसारखे प्राणी बाहेरून आत बीळ करतात आणि कासव आतून बाहेर. जाळी या वेळी पाव इंचाच्या चौकोनी छिद्रांची, जाड तारेची. वर झाकणालाही तीच. झाकणाला दोन बिजागऱ्या आणि दोन कड्या, प्रत्येक कडीत चाप असलेलं कडं. रॅकूनचा हात तिथे थांबतो. कावळ्यांचाही बंदोबस्त याच झाकणानं होतो. मुंग्यांकडे रोज लक्ष ठेवायचं. तिथल्या लाल मुंग्या एवढ्याशा पिल्लाला जिवंत सोडत नाहीत, त्यामुळे उष्टं अन्न आत राहू द्यायचं नाही. आणि आसपासच्या हिरवळीवर कीटकनाशक मारायचं नाही.

आत काय ठेवलं? चार-पाच इंच भुसभुशीत माती, त्यावर ओकच्या वाळक्या पानांचा वीतभर थर. एक कुजकं ओंडकं, त्याखाली किडे. दोन-तीन नेचे, थोडं शेवाळ, स्ट्रॉबेरीची दोन रोपं. निम्मा भाग रोज झारीनं ओला करायचा, निम्मा तसाच सोडायचा. म्हणजे पिल्लू स्वतःच ठरवतं कुठे बसायचं. हा ओलावा चैनीचा भाग नाही. एवढ्या लहान जिवाच्या अंगातलं पाणी भराभर उडतं. कोरड्या जागी ते काही दिवसांत खंगतं. पाण्यासाठी भांडं नको, कुंडीखाली ठेवतो ती मातीची उथळ बशी हवी. काठ खरखरीत, पाणी बोटाच्या पेराहून कमी. जमिनीवरचं हे पिल्लू पाण्यात उलटं पडलं तर बुडून मरतं. पाणी रोज बदलायचं, कारण कासवं पितातही तिथेच आणि घाणही तिथेच करतात.

घर उत्तम झालं. पण आता एक नवीनच अडचण उभी राहिली. पिल्लू दिसेना! आणि एक पिल्लू गमावलेल्या मुलाला, दुसरं दिसत नाही म्हणजे तेही गेलं, असंच वाटणार. तो शाळेत जाण्यापूर्वी पाला उकरायचा, आल्यावर उकरायचा, झोपण्यापूर्वी बॅटरी घेऊन उकरायचा. सापडलं की हातात घ्यायचा, ‘‘आबा, आहे!’’ म्हणून ओरडायचा आणि पुन्हा ठेवायचा. त्याच्या जिवाला तेवढाच विसावा. मला ते दिसत होतं, म्हणून मीही काही बोललो नाही.

दर रविवारी आम्ही पिल्लाचं वजन करत असू, सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर. अठरा ग्रॅमचे सोळा झाले, सोळाचे पंधरा. गांडुळाचे तुकडे तसेच राहू लागले. पिल्लाला आजार काही नव्हता. दिवसातून तीनदा त्याला कोणीतरी पकडून नेत होतं, एवढंच त्याला कळत होतं. माणसाचा हात आणि रॅकूनचा हात यांतला फरक त्याला कोण सांगणार?

त्या रविवारी मी नातवाला घेऊन पायरीवर बसलो आणि आपली कासवीची गोष्ट सांगितली. तिच्याकडे हात नाहीत, फक्त नजर आहे. म्हटलं, आपण दोघं तसं करून बघू या का? आठवड्यातून एकदा काट्यापुरता हात लावायचा. बाकी दिवस फक्त बघायचं. त्यानं विचारलं, ‘‘पण दिसतच नाही, तर बघायचं काय?’’

प्रश्न अगदी शास्त्रीय होता. त्याचं उत्तर आम्ही मिळून शोधलं. संध्याकाळी बशीभोवतीची माती हातानं सपाट करायची. सकाळी तिच्यावर बारीक पावलांची रांग उमटलेली असते. ठेवलेल्या अन्नाला कुरतडल्याची खूण असते. पाल्याचा एक उंचवटा काल इथे होता, आज तिथे असतो. पाऊस पडून गेला की अर्ध्या तासात ओंडक्याच्या कडेनं इवलंसं डोकं बाहेर येतं, आपण सहा फुटांवर मुकाट बसलेलो असलो तरच. नातवानं एक वही केली. तारीख, हवा, खुणा, वजन. तीन आठवड्यांनी काटा पुन्हा अठरावर आला. वहीच्या त्या पानावर त्यानं काढलेलं चित्र माझ्याकडे अजून आहे.

खाण्याबद्दल थोडं सांगतो, कारण तिथे आपल्या प्रेमाची गडबड होते. माझी पत्नी पहिल्याच दिवशी दूधपोळीचा कुस्करा घेऊन निघाली होती! कासवाला दूध आणि धान्य पचत नाही. पिल्लू तर बहुतांशी मांसाहारीच. गांडुळं, बिनशंखाच्या गोगलगायी, ओंडक्याखालचे ते राखाडी किडे, जे हात लागताच गोळीसारखे होतात. मोठं झाल्यावर ते भूछत्रं, रानफळं, पालाही खाऊ लागतं. माणसाला विषारी असलेली काही भूछत्रंही त्याला बाधत नाहीत. पिल्लाला रोज सकाळी थोडंसं द्यावं, सोबत किसलेलं गाजर किंवा लाल भोपळा मिसळावा. अ जीवनसत्त्व कमी पडलं तर कासवाचे डोळे सुजतात, कानापाशी गाठ येते. अशा वेळी घरगुती उपाय न करता सरीसृपांचा जाणकार पशुवैद्य गाठावा. कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा एक तुकडा आत ठेवून द्यावा. हवं तेव्हा ते कुरतडतं. आणि हात लावला की साबणानं हात धुवायचे, न चुकता. कासवांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. मुलं आजारी पडू लागली म्हणून अमेरिकेत 1975 पासून चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला बंदी आहे.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? पिल्लू सरळ रानात सोडून द्यावं. तेही करायचं नसतं. माणसाकडे वाढलेल्या प्राण्याबरोबर रोगही रानात जातात. रानाविषाणू नावाचा एक विषाणू डबीकासवांचे कळपच्या कळप संपवू शकतो. आणि उलट, रानातलं कासव घरी आणणं हे त्याहून वाईट. मेरीलँड राज्यात ल्युसिल स्टिकल या संशोधक बाईंनी 1940 च्या दशकात डबीकासवांवर खुणा करून त्यांचा माग ठेवायला सुरुवात केली. त्यांना आढळलं, की मोठं कासव वर्षानुवर्षं शंभर-दीडशे मीटरच्या टापूतच राहतं. तोच त्याचा गाव. तिथून उचलून दुसरीकडे सोडलं तर अनेक कासवं परत जायला निघतात आणि वाटेत रस्त्यावर चिरडली जातात. म्हणून तिथे जाणकार सांगतात, रस्ता ओलांडणारं कासव दिसलं तर ते ज्या दिशेला निघालं होतं त्याच कडेला ठेवा आणि पुढे चला.

एक मादी एका वेळी चार-पाच अंडी घालते. वयात यायलाच सात ते दहा वर्षं. आयुष्यभरातल्या सगळ्या अंड्यांतून दोन-तीन पिल्लं मोठी झाली तरी तिची जागा भरून निघते. पण तिलाच उचललं तर पुढची तीस-चाळीस वर्षं रिकामी जातात. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला हजारो डबीकासवं पाळण्यासाठी युरोपात पाठवली गेली. 1995 पासून त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला. अनेक राज्यांत ती रानातून उचलायला मनाई आहे, काही ठिकाणी पाळायलाही परवाना लागतो. बाईंनी पिल्लं देण्यापूर्वी आमच्या मुलीला हीच चौकशी आधी करायला लावली होती.

आता आपल्याकडचं. हे भाषण ऐकून कोणाला कासव पाळावंसं वाटलं तर माझी मेहनत फुकट गेली. भरभराट होते, वास्तूला चांगलं असतं, अशा समजुतीनं आपल्याकडे लोक चोरून तारा कासवं घेतात, ज्यांच्या पाठीवर चांदण्यांसारखी नक्षी असते. ती घरी ठेवणं गुन्हा आहे. 2019 मध्ये त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जवळपास पूर्ण बंदी आली आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीत तारा कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत गेलं. ज्यांच्याकडे असं कासव आहे त्यांनी वनविभागाला कळवावं. परस्पर कुठेतरी सोडून देऊ नये. शेतात, ओढ्याकाठी कासव दिसलं, तर त्याला तिथेच राहू द्यावं. उभं राहून मन भरेपर्यंत बघावं. बघायला बंदी नाही.

आमच्या त्या पिल्लाचं पुढे काय झालं, हे विचाराल. ऑक्टोबरात आम्ही परतलो. पहिले दोन हिवाळे मुलीनं त्याला घरात दिव्याखाली ठेवलं. पुढे अंगावर भरल्यावर त्याला थंडीत पाल्याखाली झोपू दिलं. दुसऱ्या, मोठ्या कुंपणात आता ते राहतं. नातवानं त्याचं नाव ‘डबी’ ठेवलं होतं. काही वर्षांनी डोळे लालभडक झाले, पोटाकडचं कवच किंचित खोलगट दिसू लागलं, तेव्हा कळलं की हा तर नर आहे. तेव्हापासून तो ‘डब्या’. बिजागरी आता उत्तम चालते.

नातू कॉलेजच्या उंबरठ्यावर आहे. डबीकासवं चाळीस-पन्नास वर्षं सहज जगतात, काही त्याहूनही बरीच जास्त. म्हणजे हा मुलगा साठीला टेकेल तेव्हाही डब्या कुठल्यातरी पाल्याखाली असेल. मागच्या महिन्यात फोनवर तो म्हणाला, ‘‘आबा, मी शिकायला दुसऱ्या राज्यात गेलो, तर तिथे त्याला ठेवायची परवानगी मिळेलच असं नाही. आईला जमेल का?’’ आठ वर्षांच्या मुलाच्या हातावर पिल्लू ठेवताना हा प्रश्न आम्हा मोठ्यांना पडायला हवा होता. शेजारच्या बाईंना तो पडला होता. त्यांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, की पन्नास वर्षांची तयारी आहे का? आम्ही हसलो होतो.

सध्या असं ठरलं आहे, की डब्या आईकडे राहील आणि वही मुलीनं पुढे चालवायची. दर रविवारी वजन लिहून नातवाला पाठवायचं. मला विचाराल तर, कासवीची नजर म्हणतात ती हीच.